मंगळावरून निसटणारी हवा

किरुना, स्वीडन

ती. बाबांना,
बर्फातल्या लेकीचा नमस्कार.

मी मजेत आहे. गोडा मसाला अजून पुरतोय.

मी इथे नेमकं काय करते, असं तुम्ही विचारलं होतंत. मंगळाला पृथ्वीसारखं चुंबकीय कवच नाही. सूर्याकडून येणारा कणांचा वारा थेट त्याच्या हवेवर येतो. वरची हवा विद्युतभारित होऊन त्याला अडवते खरी, पण अडवता अडवता तीच थोडी थोडी अवकाशात निघून जाते. त्यात प्राणवायूही असतो. तो किती जातो, हे आम्ही यानाकडून आलेल्या आकड्यांवरून काढतो.

परवा श्रिया फोनवर म्हणाली, "ताई, बाबा हल्ली जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबून शेजाऱ्यांशी गप्पा मारतात."

तुम्ही आणि गप्पा? माझ्याशीही दोन वाक्यं झाली की "ठेवतो गं" म्हणता, आणि ठेवायच्या आधी तुमची धाप मला ऐकू येते. आता आकडे बघताना डोळ्यांपुढे आपला डोंबिवलीचा जिनाच येतो. फार भीती वाटते.

डॉक्टरांकडे गेलात का? श्रियाला सोबत न्या.

मंगळ काही सांगत नाही, म्हणून त्याच्याभोवती यान फिरवावं लागतं. तुम्ही तरी सांगा, बाबा.

तुमचीच,
रसिका