आडवी घातलेली तुळई

५ जानेवारी
आलो बाबा एकदाचे बोईसरला! इथल्या नाट्यमंडळाच्या हॉलात नवा रंगमंच बांधायचाय, आणि त्यावर पहिलं नाटक मेघालीचं. बायको नायिका, नवरा सुतार. लग्नानंतर पहिल्यांदाच काम मिळालंय तिला, नुसती हवेत आहे.

८ जानेवारी
वखारीत लाकूड पाहिलं. फळ्यांना साग मिळाला. मधल्या तुळईला मात्र गाठी नकोत, चीर नको, रेषा सरळ हवी. कोपऱ्यात ऐनाचा जुना खांब दिसला. ठोकून पाहिला, खणखणीत! अंगावर घोडेस्वार कोरलेला. वखारवाला भावेश म्हणाला, मासवणकडे कुणा मेलेल्याच्या नावानं उभा केलेला हाय, रस्ता रुंद करताना उपटला. खांब म्हणूनच लावा, आडवा नाय घालायचा. मी म्हटलं, मेलेला माणूस आडवाच असतो की! भावेश काही हसला नाही.

११ जानेवारी
घोडेस्वार रंध्यानं साफ केला, तुळई बसवली. लाकडाला किंचित बाक होता, तो वरच्या अंगाला ठेवला, म्हणजे वजनानं सपाट होतो. मेघाली वर नाचली तरी फळी करकरली नाही. छाती फुगली माझी.

१४ जानेवारी
बाक वाढलाय. दोरी धरून पाहिलं. वजनानं लाकूड दबतं, वर कसं येईल? मेघाली मधोमध उभी राहिली की जास्तच येतं. मला हे आवडलेलं नाही.

१६ जानेवारी
भर दुपारी मंचाखाली शिरलो. तुळईला हात लावला. ऊब होती, माणसाच्या पाठीला असते तशी. आई गं! रांगतच बाहेर आलो. मेघाली म्हणते, तालीम बंद पाडायची ही नवी थाप का?

१७ जानेवारी
भावेशला फोन केला. म्हणाला, त्याच्या जागी दुसरा आडवा घातल्याशिवाय तो सुटत नाय. ठीक. साल लाकडाची नवी तुळई आणतो. उद्या बदलून टाकतो.

१८ जानेवारी
मंचाखाली शिरून तुळईचे टेकू काढले आणि मेघाली वर चढली — लवकर आली — उतर म्हणून ओरडलो, ती हसली, पाय आपटला — फळ्या खचल्या. ती पडेल म्हणून मीच पाठ लावली —

तुळई आपोआप सुटली. समोर उभी आहे. सरळ.

वाकलोय तो सरळच होता येत नाही. हाक मारतो, आवाजच फुटत नाही. खिशातली वही कशीबशी — मेघाली, बघ गं खाली —

वर ती कुणाला तरी सांगतेय, आज मंच किती भक्कम लागतोय. नाचतेय. पाठ दुखत नाही आता. काहीच लागत नाही. बोटं वळेनात, मेघा