आत्याने निवडलेला पंखा

हुंगा बेट, वावाउ
६ जुलै १९९३

धाकटा भाऊ लीसियाते यास,

आपण दोघे अजून या जगात आहोत, याबद्दल आधी देवाचे आभार मानतो. ऑकलंडला थंडी फार पडली असं कळलं. छाती सांभाळ, मोजे घालून झोप. तुझी बायको, मुली आणि सासूबाई (त्यांचा राग गेला नसला तरी) सुखरूप असोत. इकडे सगळे बरे आहेत. वडिलांचे डोळे तेवढे बरे नाहीत. उजवा गेलाच, डाव्यात दाट धुकं आहे. डोळ्यांचे डॉक्टर ऑगस्टमध्ये नेइआफूच्या इस्पितळात पाच दिवस येणार आणि मग वर्षभर त्यांचं दर्शन नाही. ती वेळ चुकली तर डावाही जाईल, असं नर्स सांगून गेली. म्हणजे वडिलांची नजर आपल्या होडीच्या हाती आणि होडी इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्याच्या हाती. म्हणून पंख्याबद्दल सविस्तर लिहितो, कंटाळू नकोस.

जुन्या पंख्याचं पातं मे महिन्यात प्रवाळावर आपटून तुटलं. (होडी मी चालवत होतो. गावाला माहीत आहे, मग तुझ्यापासून काय लपवायचं?) नवा आणायला मी नेइआफूच्या दुकानात गेलो. दुकानदार परदेशी, पण जाणता माणूस. होडीत माणसं किती बसतात, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, तीन. (बसतात अकरा, पण परक्यासमोर आपल्या होडीची बढाई मारू नये, ही आईची शिकवण.) तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हुंग्याचे ना तुम्ही? मग दहाचा न्या." दहा म्हणजे पंखा एका फेरीत जितके इंच पुढे सरकेल तो आकडा. आकडा लहान असला की पंखा ओझं ओढतो, मोठा असला की हलकी होडी पळवतो. आपलं पंचवीस घोड्यांचं म्हातारं इंजिन आणि आपली माणसं बघता दहाच योग्य होता. मी तो काळा पंखा हातात घेतला आणि नेमकी तेव्हाच लुपे आत्या दुकानात शिरली.

"हा तवा कुणाला?" आत्याने विचारलं. "माझ्या भावाच्या होडीला?" मग तिने भिंतीवरच्या तेराच्या पंख्याकडे बोट केलं. तो स्टीलचा, आरशासारखा चकचकीत. दुकानदार म्हणाला, "बाई, तुमच्या वजनाला तो..." आणि मी त्याच्या पायावर पाय दिला. तो बिचारा बाहेरचा. बापाच्या बहिणीचा शब्द म्हणजे काय, हे त्याला कुठून माहीत असणार? वडील स्वतः तिच्यासमोर आवाज चढवत नाहीत, तिथे माझी काय कथा? तेराचा घेऊन मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी एकट्याने होडी पळवून पाहिली. अशी धावली की किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पाद्रीबाबांनी आभाराची प्रार्थना केली. कावा पिताना सगळे आत्याच्या नजरेचं कौतुक करत होते. मीही केलं.

गुरुवारी वडिलांना ऑपरेशनआधीच्या तपासणीसाठी नेइआफूला न्यायचं होतं. होडीत वडील, आत्या, तिच्या दोन मुली, तिच्या चटया, इस्पितळातल्या लोकांसाठी कंदांच्या चार टोपल्या, एक डुक्कर, पाद्रीबाबा आणि होडी जातेच आहे म्हणून आलेले चौघे. इंजिन दमेकऱ्यासारखं धापा टाकायला लागलं. होडीचं नाक आभाळात आणि बूड पाण्यात, कारण आत्या मागे खुर्ची टाकून बसली होती. ती पुढे सरकली असती तर निम्मं काम झालं असतं, पण तिला सरका म्हणणार कोण? तासाभराने मागे पाहिलं, तर आपल्या चर्चच्या खिडक्या मोजता येत होत्या. "पेट्रोलमध्ये पाणी आहे," आत्या म्हणाली. पाणी आहे, यावर सगळ्यांचं एकमत झालं. परत आलो.

मग दर खेपेला ओझं कमी करून पाहिलं: सोमवारी कंद उतरवले. बुधवारी डुक्कर. मग ते चौघे, मग पाद्रीबाबा (ते नाराज आहेत). आत्या उतरली नाही, कारण तिला कुणी म्हटलंच नाही. मला तिचा राग येत नाही, लीसियाते. आजी गेली तेव्हा वडील चार वर्षांचे होते आणि आत्याने त्यांना कडेवर वाढवलं. "माझ्या भावाची पट्टी सोडतील तेव्हा मी समोर असणार," एवढंच ती म्हणते. 

आता मार्ग एकच. मी पंखा बदलला तर आत्या चुकली असं होईल. पण परदेशातल्या भाच्याने भेट म्हणून आणलेला पंखा लावावाच लागतो, त्यात कुणाचा अपमान नाही. तेव्हा दहाचा एक घे. वर आत्याचं नाव घाल, म्हणजे ती आनंदाने लावायला सांगेल.

सर्वांना आशीर्वाद.

तुझा थोरला भाऊ,
फोलाउ

ता. क. — पोस्टाने पाठवू नकोस. मागच्या नाताळचं पार्सल ईस्टरला मिळालं.

दुसरा ता. क. — आत्या आता खांद्यावरून डोकावली आणि 'वजन' एवढाच शब्द वाचून गेली. तिच्या वजनाबद्दल मी काही लिहिलेलं नाही, असं मी तिला सांगितलं आहे. तूही तसंच सांग.

तिसरा ता. क. — आता आजूबाजूला कुणी नाही, म्हणून खरं लिहितो. शेजारच्या मोसेसेची होडी दोन आठवडे आपल्यासाठी उभी आहे. तिला दहाचाच पंखा आहे आणि आत्या तिच्यात बसायला तयार आहे. वडीलच बसत नाहीत. काल मी रागावलो, तर म्हणाले, "डॉक्टरच्या हातून हाही डोळा गेला तर? लीसियातेला मी शेवटचं पाहिलं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. आधी त्याला बघू दे, मग काय कापायचं ते कापा." तू आता चाळिशीला आलास. केस गेले असतील तर टोपी घालू नकोस, त्यांना सगळं बघायचं आहे. ऑगस्टच्या आधी ये. पंखा नाही मिळाला तरी ये.