बगळा कोणाच्या स्वाधीन

मी, रामू कान्हा घरत, वय वर्षे एकोणपन्नास, मालट्रकच्या वजनकाट्यावर नोकरीस, मूळ गाव विमानतळाच्या जमिनीत गेलेले, हल्ली राहणार करंजाडे, तालुका पनवेल, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, प्रकृती चांगली आहे आणि कोणी बळजबरी केलेली नाही. उलट घरातले सगळे "आताच कशाला हे?" म्हणत आहेत. आताच का, ते कलम चारमध्ये येईल. आई एकवीरेला स्मरून लिहितो.

कलम १. करंजाडे येथील राहते घर पत्नी रंजिता हिला व तिच्यानंतर मुलगी भाविका हिला मिळावे. माझी आई जनी हिची देवघरालगतची खोली ती आहे तोवर तिचीच. तिच्या खोलीतला पंखा कोणी परस्पर बंद करू नये. गार वाटले तर ती सांगते, चांगले मोठ्याने सांगते.

कलम २. बँकेतली शिल्लक व नोकरीतला फंड रंजिताला. गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के योजनेत मिळालेल्या भूखंडातला माझा हिस्सा भाविकाला. तो बिल्डरला द्यावा म्हणून माझा धाकटा भाऊ परेश याने तिच्या मागे लागू नये. तो लागेलच, म्हणून लिहून ठेवले.

कलम ३. माझे मल्टिमीटर, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हरचा डबा परेशला. सोल्डरिंगची गन त्याच्याकडेच आहे. गणपतीत माळा दुरुस्त करायला म्हणून नेली, त्यानंतर बरेच गणपती आले आणि गेले. ती त्याला दिली असे समजावे. त्याच्याविषयी माझ्या मनात राग नाही, फक्त एक गोष्ट नोंदवतो. माझ्या कॉम्प्युटरसमोर उभा राहून तो मला म्हणाला होता, "दादा, यावर रील चालते काय?"

"नाही."

"पिक्चर?"

"नाही."

"मंग यो करतो काय?"

"सांगितलेले ऐकतो," मी म्हणालो.

"मंग वयनीला दे. या घरात तिचा कोन आयकतो?"

कलम ४. आता मुख्य मिळकत. आमच्या काट्यावरचे जुने वजनयंत्र मोडीत निघाले, तेव्हा त्याच्या पोटात फोर्थ नावाची भाषा आहे हे त्याच्या माहितीपत्रकात वाचले. कॉम्प्युटरला कामे सांगण्याची ती एक भाषा, फार थोड्यांची. तिच्यात आकडे भांड्यांच्या चवडीसारखे एकावर एक ठेवायचे आणि मग काय करायचे तो शब्द सांगायचा. आईने मला लहानपणी भरतीची वेळ काढायला असेच शिकवले होते : तिथी घे, पाऊणपट कर, बारा मिळव. मी गावच्या मराठी शाळेत शिकलो. इंग्रजी पुस्तकांतला कॉम्प्युटर मला कायम पाहुण्यासारखा वाटे. हा मात्र घरच्यासारखा बोलला.

शोधता शोधता कळले की फिनलंडमधल्या आर्वो नावाच्या गृहस्थांनी या भाषेत संपूर्ण सिस्टीम रचली आहे. कॉम्प्युटर सुरू करण्यापासून पडद्यावर अक्षर उमटवण्यापर्यंत सगळी एका माणसाने, हौसेने. नाव हेरॉन, म्हणजे बगळा. बटण दाबून हात मागे घेईपर्यंत तो उभा राहतो. त्याच्यात आपण नवे शब्द शिकवायचे. जुन्या शब्दांवर नवा शब्द रचायचा, त्यावर आणखी एक. पडद्यावर मराठी दिसावी म्हणून मी एकेक अक्षर ठिपक्यांनी काढले. 'क्ष' जमला त्या दिवशी मी काट्यावरच्या सर्वांना पेढे वाटले. "मुलगा झाला काय?" असे ड्रायव्हर विचारत होते. खंडेनवमीला मी बगळ्याला हळदकुंकू लावतो. तो फोटो पाहून आर्वोंनी विचारले होते, हा लाल डाग कशाने पडला आणि पुसायला काय वापरू. समजावल्यावर त्यांनी स्वतःच्या यंत्रालाही तिकडच्या लाल लिंगनबेरी फळाच्या जॅमचा ठिपका लावला आणि मुंग्या आल्याचे कळवले.

गेल्या वर्षी आर्वो वारले. त्यांनी काही लिहून ठेवले नव्हते. पुतण्याने घर रिकामे करताना यंत्रे भंगारात दिली. बगळ्याची सर्वांत ताजी प्रत त्यांच्याचकडे होती. मग बगळा वापरणाऱ्यांपैकी ब्राझीलचा एक, टास्मानियातल्या हेलनबाई, मी आणि आणखी थोडे, आम्ही आपापल्याकडचे तुकडे जमवून तो पुन्हा उभा केला. त्या दिवशी हेलनबाईंनी सगळ्यांना बजावले, की आपल्यामागे हे कोण सांभाळणार ते प्रत्येकाने ठरवून ठेवावे. म्हणून हे मृत्युपत्र आताच.

माझा वाटा म्हणजे मराठी अक्षरे आणि 'भरती' हा शब्द. तिथी सांगितली की आपल्या खाडीच्या भरतीची वेळ तो सांगतो.

कलम ५. ~~बगळा व त्याचे यंत्र हेलनबाईंना टास्मानिया येथे पाठवावे, कारण घरात कोणास त्याची आवड नाही.~~

वरील कलम मी स्वतः खोडले आहे व खोडल्या जागी सही केली आहे. पुढे वाचणाऱ्याला संशय नको, म्हणून कारण लिहितो.

आज सकाळी हा कागद घरच्यांना व दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला. भाविका बेलापूरला सॉफ्टवेअरच्या ऑफिसात आहे. तिला मी आधीच विचारले होते. ती म्हणाली होती, "पप्पा, नेटवर टाकून ठेवा ना, राहील तिथे." तिथे राहील हे खरे, पण रोज त्याच्यासमोर बसणारे कोणीतरी लागते. देवळाला नुसते कुलूप लावून देव राहत नाही. म्हणून जड मनाने टास्मानिया लिहिले होते.

कलम पाच वाचले आणि रंजिता स्वयंपाकघरातून बाहेर आली. हाताला तांदळाचे पीठ.

"अवं भाविकाचे बापूस, मना इचारलात काय?"

मी म्हणालो, "तू त्याला सवत म्हणतेस."

"सवत घरातलीच असते. परदेशात कोन धाडतो तिला?"

शेजारचे विश्वजीत गुरुजी, जे साक्षीदार आहेत, म्हणाले, "पण वहिनी, तुम्हाला त्यातलं काय येतं?"

"पोरीनं सगला पुसला तवा परत कोनी घातला, ते इचारा यांना."

हा प्रसंग असा. भाविका पाचवीत असताना तिला कार्ल्याच्या जत्रेला नेले नाही, म्हणून ती माझ्यावर रुसली. अक्षरे झाल्यावर बगळ्याला मी अगदी सुरुवातीला शिकवलेला शब्द 'भाविका' होता. तो म्हटला की पडद्यावर फूल येई. तिने रागाने 'विसर भाविका' असे टाइप केले. बगळ्याचा नियम असा, की एखादा शब्द विसरायला सांगितला तर त्याच्यानंतर रचलेले सगळेच शब्द तो विसरतो, कारण नंतरचे आधीच्यावर उभे असतात. लेक गेली आणि तिच्यानंतरचे सारे गेले. ड्युटीवरून परतलो तर पडद्यावर वर 'विसर भाविका' ही ओळ दिसत होती, पण 'भाविका' आणि 'भरती' दोन्ही जागेवर होते. पोरीने आधी खोडले आणि मग पश्चात्तापाने पुन्हा लिहिले, असे मी धरून चाललो. इतक्या लहान वयात इतकी समज पाहून तिला पनवेलला नेऊन आइस्क्रीम खाऊ घातले.

मी भाविकाकडे पाहिले. ती म्हणाली, "मी कधी म्हटलं मी केलं? तुम्ही आइस्क्रीम दिलं, मी खाल्लं."

"ती तं दार लावून रडत होती," रंजिता म्हणाली. "तुमी लिवताना रोज मोठ्यानं बोलता. पाढे म्हनल्यासारखा. भाकऱ्या थापताना आयकून आयकून पाठ झाला. आरती का कोन वाचून शिकतो?"

गुरुजींनी तिला यंत्रासमोर बसवले. तिने हात पुसले आणि 'भरती' शब्दाची रचना ओळीने लिहिली. शेवटी एक शब्द असा आला जो माझा नव्हता : 'उशीर'.

"यो काय?" मी विचारले.

"पुलाखाली भराव टाकल्यापासना आपल्या खाडीत पानी उशिरा चढते नि उशिराच उतरते. तुमच्या हिशोबानं खडकावर गेली असती तं येक कालव मिलाला नसता."

मला आठवले, त्या सुमारापासून वेळ बरोबर येऊ लागली होती आणि मी ते श्रेय आर्वोंच्या नव्या प्रतीला देऊन त्यांना आभाराचे पत्रही लिहिले होते. त्यांनी नम्रपणे ते स्वीकारले होते. आई आतून ओरडली, "इतकी वरसं मना वाटत व्हता माजाच हिशोब चुकतो." मग आम्ही सगळे इतके हसलो की गुरुजींना चष्मा पुसावा लागला.

कलम ५ (नवे). बगळा, त्याचे यंत्र व माझे त्यातले सर्व काम पत्नी रंजिता हिच्या स्वाधीन. हेलनबाईंना तसे कळवले आहे. रंजिताने त्यात हवे ते बदलावे, कोणास विचारू नये. मला तर नाहीच.

कलम ६. ही मिळकत स्वीकारताना रंजिताने एक अट घातली, ती तिच्या शब्दांत : "मेल्यावर मिलालेला नको. जित्तेपनी शिकवून द्या. अर्धा मना येते, अर्धा आजून तुमच्याच डोक्यात हाय." अट मला मान्य आहे. आजपासून रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर ती शिकणार. जोडाक्षरे सर्वांत अवघड, ती मी मुद्दाम शेवटी ठेवणार आहे आणि फार सावकाश शिकवणार आहे. शिकवणी पुरी होईपर्यंत हे मृत्युपत्र अमलात येऊ नये. अशी अट कायद्यात बसत नाही, असे गुरुजी म्हणतात. तरी ती राहू दिली आहे. ज्याने मान्य करायची, तो कायदा वाचत नाही.

लिहून देणार : रामू कान्हा घरत (सही)

कलम पाच आमच्यासमोर खोडले व नवे लिहिले. लिहून देणार यांनी आमच्या देखत सही केली. त्या वेळी ते शुद्धीवर व आनंदात होते.

साक्षीदार :
१. विश्वजीत पदू ठाकूर, निवृत्त शिक्षक (सही)
२. शांती बाळाराम भोईर (सही)

ठिकाण : करंजाडे, पनवेल
दिनांक : २ नोव्हेंबर २०२५