कॉम्प्युटरातल्या केळीबागेचा पंचनामा

लालबाग, बऱ्हाणपूर
१४ जून २०१६

ती. सौ. उषाआत्यास,

दिगंबरचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? (डाव्याबद्दल विचारतोय. उजव्याची संपूर्ण हकीकत मागच्या फोनवर ऐकली.) काकांच्या साखरेचं काय म्हणतंय? शिऱ्याचा डबा अजून त्यांच्या हाताला लागत नसेल अशी आशा करतो. इकडे सगळं बरं आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो की सगळं बरं आहे. आईची तब्येत चांगली, नानांची तर फारच चांगली. फक्त नाना गेले अकरा दिवस माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोनवर माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत तुम्ही ‘सुरेशचंच बरोबर आहे’ म्हणून मोकळ्या होता. पत्राला तसं मधेच तोडता येत नाही. शिवाय तुमचा सुरेश म्हणजे आमचे नाना, तुमचे धाकटे भाऊ, आणि या घरात ते ऐकतात ते फक्त तुमचं, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि त्यांनाही.

मी नेमकं काय करतो हे तुम्ही दोन वर्षांत चारदा विचारलंत आणि चारही वेळा मी ‘कॉम्प्युटरचं’ म्हणून सुटका करून घेतली. आज नीट सांगतो. सिनेमात पूल कोसळतो, धरण फुटतं, राणीचा शेला वाऱ्यावर उडतो. खरा पूल कोणी पाडत नाही. नुसतं चित्र काढूनही भागत नाही, कारण वजन नसलेली वस्तू पडताना बघणाऱ्याला लगेच कळते. मग कोणाला तरी कॉम्प्युटरला समजावून सांगावं लागतं की बाबा रे, दगड एवढा जड असतो, तो इथे तडकतो, धूळ एवढा वेळ हवेत राहते आणि मगच खाली बसते. हे समजावणारा प्रोग्रॅम लिहिणं हे माझं काम. गणिताच्या ज्या धड्याशी आल्यावर आमचे सर ‘हे पेपरात येत नाही’ म्हणून दोन पानं एकदम उलटायचे, नेमका तो धडा मला रोज लागतो. इंदूरची बिलं छापायच्या सॉफ्टवेअरची नोकरी सोडून दोन वर्षं मी घरी बसून ती दोन पानंच वाचतोय म्हणा ना.

लालबागेत या विद्येला ‘कार्टून’ म्हणतात. शेजारच्या मंगलाकाकूंनी नातवाचा फोटो आणून दिला आणि त्याला वाघावर बसवून दे म्हणाल्या. (बसवला. आता गल्लीतल्या सगळ्या नातवांना वाघ हवाय.) मागच्या हिवाळ्यात खंडव्याचं एक स्थळ आलं होतं. मुलीच्या वडिलांनी कामाचा नमुना मागितला, म्हणून मी सहा महिने खपून केलेला धूर त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा पाहिला आणि म्हणाले, “धुआँ तो ठीक है, पर आग किधर है?” मी म्हटलं, आग अजून व्हायचीय. ते पोहे संपवून गेले ते गेलेच. आग मार्चमध्ये तयार झाली, तसं मी कळवलंही, पण तोवर मुलीचं लग्न वीज मंडळात ठरलं होतं.

असो. मुद्द्यावर येतो. एप्रिलमध्ये हैदराबादच्या एका स्टुडिओनं परीक्षेचं काम पाठवलं: वादळात सापडलेली बाग, वीस सेकंद. बाग कशाची ते उमेदवारानं ठरवायचं. इतरांनी नारळ घेतले असणार. मी केळी घेतली, कारण कॉम्प्युटरला केळ कळतच नाही. त्याला वाटतं हे झाड आहे, म्हणजे आत लाकूड असणार, आणि तो ती विजेच्या खांबासारखी आडवी करतो. आता केळीत लाकूड कुठलं? एकावर एक गुंडाळलेली सोपटं आणि पाणी. हे बऱ्हाणपुरात तान्ह्या पोराला कळतं, पण लाखोंच्या सॉफ्टवेअरला कळत नाही. मला वाटलं, देवानं आपल्याला या परीक्षेसाठीच इथे जन्माला घातलं.

मग जसोंडीला कौतिकमामांच्या बागेत गेलो. (आईचे थोरले भाऊ. तुम्ही त्यांना माझ्या मुंजीत पाहिलंत, जिलबीवरून आचाऱ्याशी भांडले ते.) त्यांनी घड उतरवलेली चार खोडं मला दिली. मी खोडाला दोरी बांधायचो, मधे ताणकाटा अडकवायचो, ओढायचो आणि किती किलोला मोडतं ते वहीत लिहायचो. मामा बांधावर बसून हे सगळं बघत होते. “का रे भो दिगू, हे काय करून राह्यला तू? एक विळा मार ना, दोन मिनिटांत काम खतम!” मी सांगितलं, मला ती पाडायची नाही, ती का पडते ते पाहिजे. मामा निंदायला आलेल्या मालूबाईकडे वळून म्हणाले, “पाहून घे बाई, पोराला जास्त शिकवू नको.” पण चौथ्या खोडाला ते स्वतःच उठून दोरी ओढायला लागले आणि काट्यावरचा आकडा मोठ्यानं वाचायला लागले.

महिनाभरात बाग तयार झाली. नऊशे चाळीस केळी, प्रत्येक पान शिरेशिरेनं वेगळं फाटणारं. मागचं दृश्य मात्र खरं ठेवलं. मामांच्या बागेचा फोटो घेतला आणि माझी केळी त्यात पेरली. एवढीच माझी चूक. कारण त्या फोटोत मामांची मोटारखोली होती आणि मोटारखोलीवर हातभर अक्षरांत ‘कौतिक सुपडू पाटील, जसोंडी’ असं रंगवलेलं होतं. मी कौतुकानं व्हिडिओ मामांना पाठवला. मामांनी कौतुकानं तो गावाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘अपनी बाग.’

पुढचं ऐकून तुम्ही हसाल. मला तेव्हा हसू येत नव्हतं. दुपारी चारपर्यंत जसोंडीत वादळ येऊन गेल्याचं पंचक्रोशीला कळलं. जसोंडीला ते सर्वांत शेवटी कळलं, कारण तिथे त्या दिवशी पानही हलत नव्हतं. पण कौतिकची बाग पडली आणि शेजारची उभी राहिली, हे न्यायाला धरून नव्हतं. मग संध्याकाळपर्यंत आणखी अकरा जणांची बाग पडली, अर्थात नुकसानभरपाईच्या अर्जात. सकाळी एक नेते गमबूट घालून पाहणीला आले. जमीन कोरडी खडखडीत, म्हणून त्यांनी ठिबकच्या नळ्या सोडायला लावून थोडा चिखल करून घेतला आणि चिखलात उभं राहून दुःखी चेहऱ्याचा फोटो काढला. मागे सगळी केळी ताठ उभी होती.

तिसऱ्या दिवशी पटवारी आले. ते बिचारे नवे, नोकरीला जेमतेम वर्ष झालेले. बाग उभी बघून त्यांना घाम फुटला, कारण वरच्या साहेबांनी व्हिडिओ पाहून सर्वेचा हुकूम काढला होता आणि साहेबांनी जे पाहिलं ते नाही असं पटवाऱ्यानं कसं लिहायचं? मामांनी खरं ते सांगितलं, की साहेब, केळी इथे नाही पडली, बऱ्हाणपूरला माझ्या भाच्याच्या कॉम्प्युटरात पडली. पटवाऱ्यांना हे एकदम पटलं. केळी जिथे पडली तिथे जाऊन पंचनामा करायचा, नियम तसाच आहे म्हणे. ते मोटरसायकलवरून थेट आमच्या घरी आले.

आत्या, इथे माझंही चुकलं, हे कबूल करतो. दोन वर्षांत पहिल्यांदा कोणी माझं काम इतक्या गंभीरपणे बघायला बसलं होतं. मी हुरळलो. किती पडली, त्यांनी विचारलं. सहाशे बारा, मी सांगितलं. वाऱ्याचा वेग? तोही दर सेकंदाचा काढून दिला. पटवारी लिहिता लिहिता म्हणाले, “इतनी बारीक जानकारी तो हमारे महकमे में भी नहीं रहती.” आईनं त्यांना चहा दिला. मी त्यांच्यासाठी व्हिडिओ मागे-पुढे करत होतो, ते पेन्सिलीच्या टोकानं पडद्यावरची खोडं मोजत होते, आणि तेवढ्यात नाना दुपारची झोप उरकून बाहेर आले.

नानांनी एकतीस वर्षं तहसिलीत काढली हे तुम्हाला मी काय सांगणार. वादळानंतर बाबू लोक बांधावरून अंदाज लिहायचे तेव्हा आपले नाना चिखलात उतरून प्रत्येक पडलेल्या केळीला हात लावायचे आणि मगच नोंद करायचे, म्हणून तिकडे त्यांना सगळे शिव्याही द्यायचे आणि मानायचेही. त्या माणसानं स्वतःच्या घरात, स्वतःच्या खात्याच्या फॉर्मवर, नसलेल्या सहाशे बारा केळी लिहिलेल्या पाहिल्या. ते ओरडले नाहीत. पटवाऱ्यांना एवढंच म्हणाले, “खडे हो जाओ.” पटवारी उभे राहिले, आणि का कोण जाणे मीही राहिलो. नानांनी फॉर्म घेतला, चार घड्या घातल्या, सदरा चढवला आणि सायकलवरून कचेरीत जाऊन सर्वे रद्द करवून आले. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. जसोंडीवाले मामांशी बोलत नाहीत, कारण त्यांच्या भाच्याच्या बापानं पडलेली केळी परत उभी केली. मामा माझ्याशी बोलतात, पण जे बोलतात ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

आणि आता खरी गोष्ट. स्टुडिओत माझी निवड झाली. एक जुलैला हजर व्हायचंय. तिथल्या मुख्य बाई म्हणाल्या की केळीसारखी दिसणारी केळी त्यांनी पहिल्यांदा पाहिली. हे वाक्य मला घरात कोणाला तरी सांगायचं होतं, म्हणजे खरं तर नानांनाच सांगायचं होतं. ते जिन्यात समोरून आले आणि मी बाजूला सरकून त्यांना वाट दिली. मला फार वाईट वाटतं, आत्या. मी खोटं करायचं काम करतो, पण ते खोटं वाटू नये म्हणून जीव काढतो, आणि हे एकाच माणसाला कळलं पाहिजे होतं.

काकांना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा
दिगंबर

ता. क. पत्र ज्यासाठी लिहिलं ते राहिलंच. नानांना एक फोन करा आणि मला हैदराबादला जाऊ द्यायला सांगा. त्यांनी न बोलता निरोप दिला तर माझं पाऊल उचलणार नाही. मी पत्र लिहिलं हे मात्र सांगू नका.

ता. क. २. वर ‘निवड झाली’ लिहिलं ते जरा घाईनं लिहिलं. बाई म्हणाल्या, बाकी उत्तम आहे, पण बागेत काहीतरी खोटं वाटतंय. काय ते त्यांनाही सांगता येत नाही, मलाही सापडत नाही. शुक्रवारपर्यंत दुरुस्त करून पाठवलं तर निवड, नाहीतर नारळवाला. तेव्हा फोन जपून करा.

ता. क. ३ (हस्ताक्षर वेगळे आहे). चि. सौ. कां. नव्हे, ती. उषाताईस सुरेशचा नमस्कार. सवयीने चूक झाली, खोडत नाही. पत्र टेबलावर उघडे सापडले. पुढे जाणारा कागद वाचल्याशिवाय मी आजवर सोडलेला नाही. सदर व्हिडिओ दिगंबर बाहेर गेला असता मी रोज दुपारी पाहिला आहे. पाहणीअंती आढळले ते असे: बागेच्या पश्चिम कडेला शेवरीची दाट ओळ आहे. वारा पश्चिमेचा आहे. शेवरीच्या आडोशाच्या रांगा पडत नसतात, बाग मधून पडते. याने कडेच्या रांगाच आधी पाडल्या आहेत. तसेच घड लागलेली केळ वाऱ्याच्या आधी घडाच्या बाजूला कलते. याने सर्व एकाच दिशेला पाडल्या. बाकी पाने बरोबर फाटली आहेत. फार बरोबर फाटली आहेत, ताई. उद्या सकाळी त्याला जसोंडीला नेतो आणि हात लावून दाखवतो. फोन करू नकोस, आम्ही दोघे बागेत असू.