अण्णांच्या नावापुढं दोन

५ जाने.
आज एकदाचा कागद लावला भिंतीला, माठाच्या वर. आठवडाभराचा स्वयंपाक आधीच लिहून काढलाय. सोम. मेथी, मंगळ. पिठलं, बुध. मुगाचं वरण… मोबाईलवरची बाई सांगते, यादी केल्याशिवाय पिशवी उचलू नका आणि बाजारात भरल्या पोटानं जा. हे शेवटचं लई पटलं. उपाशी गेले की मला फरसाणच दिसतं.
आमच्या पल्लूला जूनपासून लातूरला क्लास लावायचाय. ह्यांची शाळा विनाअनुदानित, पगार आला तर आला. म्हणजे काढायचं ते किराण्यातूनच.
हे कागद बघून म्हणाले, "मुख्याध्यापक झालीस की गं!" म्हणू दे.

९ जाने.
बाजार. मुद्दाम दिवस मावळायच्या बेताला गेले. माल उठवायची घाई, वांग्याचे दोन वाटे एकाच्या भावात. पालक तर फुकटच म्हणायचा. तूरडाळ, साखर मोंढ्यातून ठोक भावात एकदम आणली.
पीठ आता माणशी मोजून घेते. हे ३, मी २, पल्लू दीड. आधी रोज दोन-तीन भाकरी उरायच्या आणि गल्लीतलं कुत्रं माजलं होतं. बसेल आता वाट बघत.

१६ जाने.
बाजार, म्हणून अण्णा आले. नांदूरघाटहून जीपनं येतात, इथं केजला शुगरच्या गोळ्या विकत घेतात. आई गेल्यापासून बाजारच्या दिवशी दुपारचं जेवण लेकीकडं, हे ठरलेलं.
ह्या वेळी त्यांचा आकडा पण कागदावर घातला. अण्णा २. एरवी तीन खातात, भाजी मनासारखी असली तर चौथीतली अर्धी. पण शुगर आहे, दोन बास झाल्या.
दोनच खाल्ल्या. मी विचारायच्या आधीच "बास बाई" म्हणून ताटात हात धुतला. टोपल्यात एक तुकडा उरला नाही. काय बरोबर बसलंय सगळं! माझी मलाच शाबासकी.

२३ जाने.
अण्णा – एक भाकरी. "भूक न्हाई आज."
दुपारून बचत गटाची बैठक. मला बोलायला उभं केलं, घरखर्च कसा वाचवला ते सांगा म्हणून. मी कागदच काढून नेला होता दाखवायला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. शांताबाई, गटातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या, त्यांनी विचारलं, "आन पाव्हणा आला म्हंजी गं?"
मी म्हणाले, "पाव्हण्यानं फोन करून यावं!"
सगळ्या खो-खो हसल्या. शांताबाई तेवढ्या हसल्या नाहीत. म्हातारीला काय कळतंय, म्हटलं मनात.

३० जाने.
अण्णा उभ्या उभ्या येऊन गेले. पल्लूला भुईमुगाच्या शेंगा आणल्या होत्या. "जेवून आलो, हाटेलात."
अण्णा आणि हाटेलात? चहासुद्धा बाहेर पीत नाहीत. तिथंच हाताला धरून बसवायला पाहिजे होतं. पण माझ्या मनात काय आलं, तर बरं झालं, दोन भाकरी संध्याकाळला होतील.
लाज वाटते लिहायला. पण आलं ते आलं.

६ फेब्रु.
अण्णा आलेच नाहीत. दीड वाजता भावाचा फोन. अण्णा जीपच्या स्टँडवर चक्कर येऊन पडले. गोळी घेतली आणि पोटात अन्नाचा कण नाही, शुगर उतरली. कुणीतरी साखरपाणी पाजलं म्हणून वाचले. शुद्ध आल्यावर लोकांनी नंबर मागितला, तर अण्णांनी भावाचा दिला. स्टँड माझ्या घरापासून चालत दहा मिनिटं.
मी पळत गेले, तोवर जीप निघून गेलेली.
भाऊ विचारत होता, "तुझ्याकडं जेवले न्हाईत का?"
घरी आले तर पल्लू रडवेली. म्हणाली, "आई, आज्जानं तो कागद वाचला होता. बोट ठेवून ठेवून. मला म्हणले, हितं माझं नाव कावून लिवलंय? मी सांगितलं, आई आता मोजून करती."
कधी गं?
"तू नाव घातलंस त्याच दिवशी. जेवायच्या आधी."
अण्णा रात्रशाळेत वाचायला शिकले. दोन वाचलं, दोन खाल्ल्या. आणि मी म्हणते बरोबर बसलं!

७ फेब्रु.
कागद फाडला. फाडून काय होतंय.
शुगरचं निमित्त होतं, दुसरं काही नाही. शुगर तर ह्यांना पण आहे. ह्यांच्या नावापुढं तीनच होते ना? जन्म दिलेल्या माणसाला मी पाव्हण्यात काढलं.

८ फेब्रु.
नांदूरघाट. अण्णा ओट्यावर बसलेले, चेहरा उतरलेला. "जयभीम बाई, ये. जेव आधी." भावजयीनं ताट वाढलं, भाकरीचं टोपलंच पुढ्यात आणून ठेवलं.
म्हटलं, अण्णा, चुकलं माझं.
मग म्हणाले, "माझा बाप लोकाच्या दारात भाकर मागाया जायचा. लोक मोजून टाकायचे, वरून. मी बारका होतो, पर ध्यानात हाय. धम्म घेतला त्या दिशी बाप म्हणला, आजपसून आपल्या घरात भाकर मोजायची न्हाई. कमी पडली तर आर्धी आर्धी खाऊ."
मला हुंदका आवरेना.
"रडू नगंस. पोरीच्या शिक्षणाचं हाय, मला कळतंय की. तुझ्यावर राग न्हाई. पर बाई, तुझ्या दारात आलं की आता भूकच लागत न्हाई मला. त्याला मी काय करू?"

१३ फेब्रु.
बाजार. सकाळीच स्टँडवर जाऊन उभी राहिले. तीन जीपा गेल्या. चौथीतून अण्णा उतरले. मला बघून म्हणाले, "कशाला आलीस उन्हाची?"
यादी चालूच आहे, क्लास काही सुटत नाही. पण आज पीठ डब्यातून तसंच ओतलं परातीत, बघितलंच नाही किती ते. भरली वांगी, ठेचा, वर शेंगदाण्याची चटणी.
दोन खाल्ल्या. तिसरी वाढायला गेले तर हात आडवा धरला. "पोट भरलं बाई."
भरलं असेल. वय झालंय, आत्ता कुठं बरे झालेत. पुढच्या बाजारी याल ना, विचारलं, तर म्हणाले, "बघू की."
आधी मला त्यांच्या तोंडाकडं बघितलं की कळायचं, अजून अर्धी पाहिजे का नको ते. आज लई वेळ बघत बसले. काही कळलं नाही.