तिसऱ्या हाकेची ओ

प्रिय आई,

तुझ्या पाया पडते. गुडघा आता कसा आहे? फोनवर बाबांसमोर बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

इथे कशेळीत आत्याकडे सगळं बरं आहे. रविवारी मला मागणी घालायला आले होते. मुलगा साधा वाटला. आत्याच्या सासरची रीत अशी की, मुलाकडच्यांनी अंगणातून मुलीला हाक मारायची आणि तिने तिसऱ्या हाकेलाच ओ द्यायची. पूर्वी इथली एक मुलगी पहिल्याच हाकेला बाहेर गेली. हाक खाडीतून आली होती. ती परत आली नाही.

“खाडीतला एकदाच हाक मारतो, मानूस तीनदा. म्हनून थांबायचं,” आत्या म्हणाली.

मी थांबले. तीन हाका मोजल्या, मगच ओ दिली.

चहा घेताना मुलाचे काका हसून म्हणाले, “आम्ही दोनदाच हाक मारली, तेवढ्यात पोरीनं ओ दिली.”

आत्याने उठून खाडीकडचं दार लावलं.

तू काळजी करू नकोस. मी जेवते, ड्युटीला जाते. फक्त येशील तेव्हा अंगणातून हाक मारू नकोस, सरळ आत ये. हल्ली हाक ऐकली की ओ द्यायच्या आधीच मी खाडीकडच्या दारात उभी असते.

तुझीच,
मनाली