राइनामावशीचा कप्पा

त्रोयान, ९ जानेवारी

चि. झोर्नित्सास, अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रोग्रामने नाक कापलं बघ. दारांवर लावायची शोकपत्रकं आपल्या छापखान्यातून आजवर बिनचूक गेली. परवा शाळामास्तरांच्या पत्रकात दफनाची वेळच नव्हती! काउंटरवरच्या मुलीने ती 'वेळ' सोडून भलत्याच नावाखाली भरली आणि तुझं यंत्र मुकाट छापून मोकळं झालं. मास्तरांची बायको स्मशानात पाद्रीबुवांबरोबर एकटीच उभी होती गं.

बाबांचा खोकला हटत नाही. राइनामावशी त्यांना घेवड्याचं सूप दटावून पाजते. आई गेल्यावर लग्न न करता अकरा वर्षं बाबांशी संसार केलाय, पण दरारा लग्नाच्या बायकोचा.

तुझा दादा

टाल्लिन, १४ जानेवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

चूक माझीच. मी आळसाने सगळी माहिती गाठोड्यात ठेवली होती. गाठोड्यात कोणत्याही नावाने काहीही घाला, ते घेतं. मागितलेलं सापडलं नाही तरी हूं की चूं करत नाही. आता पक्के कप्पे केलेत: नाव, वेळ, चर्च, पत्नी, मुलं, नातवंडं. वेळ राहिली किंवा नात्याचा एकही कप्पा भरला नाही तर छापणार नाही. कप्प्याबाहेरचं काही घेणारही नाही. आता चुकून दाखव!

बाबांना जप. मावशीला नमस्कार.

तुझीच झोर्नित्सा

त्रोयान, ४ फेब्रुवारी

चि. झोर्नित्सास,

बाबांना पोचवून आलो. बर्फाने तुझं विमान अडवलं, त्याला तू काय करणार? रडून घे.

पण एक सांगतो, मन खातंय. बाबांच्या पत्रकात मावशीला कुठे घालणार होतो? 'पत्नी'त आपली आई. दुसरा कप्पाच नाही. माणसं दारात खोळंबली होती, मी तसंच, तिच्या नावाशिवाय छापलं. मावशीने ते आपल्याच दारावर वाचलं. विधीचे गहू शिजवले, सगळ्यांना वाढले आणि पिशवी घेऊन ओरेशाकला बहिणीकडे निघून गेली.

चाळिसाव्या दिवसाचं पत्रक लावायचंय. काय करू ते कळव.

दादा

टाल्लिन, १ मार्च

तीर्थरूप राइनामावशीस सा. न. वि. वि.

कप्पे मी केले होते, दादाने नव्हे. रागवायचं तर माझ्यावर रागवा. जे राहून चालत नाही त्याचे कप्पे तसेच ठेवलेत. त्यांच्या शेवटी एक गाठोडं जोडलंय, आम्हाला आधी न सुचलेल्या माणसांसाठी. त्यात पहिलं नाव तुमचं घातलंय. सोबतच्या पत्रकात आईच्या शेजारी 'त्यांची राइना' असं छापलंय. घरी परत याल ना?

तुमची झोर्नित्सा

ओरेशाक, १४ मार्च

चि. झोर्नित्सास आशीर्वाद.

पत्रक सुरेख झालंय. बहिणीच्या फाटकावर मीच लावलं. पण बाळ, पहिलं पत्रक सगळा गाव वाचतो, चाळिसाव्याचं फक्त घरची माणसं. त्या घरी आता माझ्याने राहवणार नाही. तुम्ही दोघं मात्र येत जा, सूप करीन.

एक विचारायचं होतं. नात्याचा एकही कप्पा भरला नाही तर तुझं यंत्र छापत नाही, असं तुझा दादा यावोर म्हणत होता. मला नवरा नाही, मुलं नाहीत, नातवंडं नाहीत. मग माझं कसं छापाल? तेवढं आत्ताच बघून ठेव.

तुम्हा दोघांवर माया आहेच, ती राहू दे.

राइना